दुसऱ्या अटॅकचा हिशेब: प्रकल्प नोंदी

१० जून २०२४

आजपासून वही सुरू. एकदा हार्ट अटॅक येऊन गेलेल्या किंवा स्टेंट बसलेल्या माणसाला पुन्हा तसंच काही होण्याची जोखीम किती, हे ओपीडीत बसून, आपल्याच माणसांपुरतं, बऱ्यापैकी खरं सांगता यावं, एवढंच काम आहे. हॉस्पिटल बीड जिल्ह्यातलं, ट्रस्टचं, लहान. अँजिओप्लास्टी इथे होत नाही. माणूस संभाजीनगरला नाहीतर पुण्याला जाऊन महात्मा फुले योजनेत स्टेंट बसवून घेतो आणि महिन्याभराने प्लास्टिकच्या पिशवीत डिस्चार्ज कार्ड घेऊन आमच्या दारात येतो. मी पुण्यात राहून आकडेमोड करते, महिन्यातून दोनदा एसटीने येते. डॉक्टर, ओपीडीतल्या सिस्टर आणि मी, झाली टीम.

पहिला घोळ पहिल्या तासातच सापडला. डॉक्टरांच्या मोबाइलमध्ये जोखीम काढायची तीन कॅल्क्युलेटरं आहेत आणि तिन्ही अजून काहीच न झालेल्या माणसांसाठी आहेत. फ्रेमिंगहॅम म्हणजे मॅसॅच्युसेट्समधल्या त्या गावात १९४८ साली ५,२०९ माणसं घेऊन सुरू झालेला अभ्यास; 'रिस्क फॅक्टर' हा शब्द रुळला तो तिथूनच. ब्रिटनचं क्यूरिस्क-३ २०१७ चं. त्यात 'भारतीय' असा पर्याय आहे, पण तो ब्रिटनमध्ये राहणारा भारतीय. अमेरिकन हार्ट असोसिएशनचं प्रिव्हेंट २०२३ चं. जागतिक आरोग्य संघटनेचे २०१९ चे तक्तेही पाहिले, त्यात जगाचे २१ विभाग पाडलेत. सगळं चांगलं आहे, पण स्टेंटवाल्याला यातलं काही लावणं म्हणजे लग्न झालेल्या माणसाकडून वधू-वर सूचक मंडळाचा फॉर्म भरून घेण्यातला प्रकार.

१२ जून

स्मार्ट-२ घ्यायचं ठरलं. नेदरलँड्समधल्या यूट्रेक्टच्या रुग्णांवर बांधलेलं सूत्र, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. आधीच हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्यांना पुढच्या १० वर्षांत अटॅक, लकवा किंवा त्यापायी मृत्यू येण्याची शक्यता सांगतं. त्याला लागतं काय, तर वय, स्त्री-पुरुष, सध्या सिगारेट ओढतो का, वरचा बीपी, मधुमेह, आजार कुठे कुठे आहे (हृदय, मेंदू, पाय, पोटातली महाधमनी), पहिल्या त्रासाला किती वर्षं झाली, नॉन-एचडीएल कोलेस्टेरॉल (चांगलं एचडीएल सोडून उरलेलं), किडनीचा ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते त्याचा अंदाज), एचएस-सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का.

यादी वाचून डॉक्टर म्हणाले, "आणि पंपिंग? पंपिंग यात नाही?" नाही. टूडी इकोवरचा 'पंपिंग ३५ टक्के' हा आकडा, म्हणजे दर ठोक्याला हृदय आपल्यातलं किती टक्के रक्त पुढे ढकलतं तो, आमच्याकडे पेशंटच्या नातवालाही पाठ असतो, पण सूत्राला तो ठाऊक नाही. डॉक्टर थोडे खट्टू झाले. त्यांचा मुद्दा बरोबर आहे. पंपिंग कमी असलेल्यांच्या बाबतीत सूत्राचं ऐकायचं नाही, डॉक्टरांचं ऐकायचं, असं पहिल्याच पानावर लिहून ठेवलं.

दुसरी गोष्ट आत्ताच सांगून ठेवली, म्हणजे नंतर वाद नको. सूत्र माणसांना किती नीट वेगळं करतं ते सी-इंडेक्सने मोजतात. दोन पेशंट घ्या, एकाला पुढे अटॅक आला, दुसऱ्याला नाही. पहिल्याला सूत्राने जास्त आकडा दिला होता, असं किती वेळा घडतं? छापा-काटा केलात तरी ०.५ मिळतो. स्मार्ट-२ तपासलं गेलं तेव्हा वेगवेगळ्या ठिकाणी ०.६ पासून ०.७७ पर्यंत आकडे आले. "एवढंच?" डॉक्टर म्हणाले. हो, एवढंच. निरोगी माणसांत तिशीचा पोरगा आणि सत्तरीचे आजोबा वेगळे काढणं सोपं असतं. इथे सगळेच एकदा दार ठोठावून आलेले.

२४ जून

कपाटातल्या फायली काढल्या. धूळ, उंदीर, दोन पाली.

एक्सेलमध्ये टाकताना बीपीचा रकाना बघून हसू आलं. १३०/८०, १४०/९०, १३०/८०, १२०/८०. शेवटचा आकडा जवळजवळ सगळीकडे शून्य. पाऱ्याच्या यंत्रावर कान लावून घेतलेला बीपी जवळच्या दशकात बसवायची सवय जगभर आहे, आपल्या सिस्टरांची एकट्याची नाही. पण १३६ आणि १४४ हे दोघंही १४० झाले, तर सूत्र बिचारं काय करणार? डिजिटल यंत्र मागवलं. नियम ठरवला: पाच मिनिटं बसवायचं, दोनदा घ्यायचा, दोन्ही आकडे लिहायचे. सिस्टर म्हणाल्या, "आणि बाहेरची रांग तुम्ही सांभाळणार का?" डॉक्टर म्हणाले मी सांभाळतो. बघू.

वयाचा रकाना तर आणखीनच. ६०, ६५, ६०, ७०, ६५. आधारवरची जन्मतारीख ०१-०१, पुन्हा ०१-०१, पुन्हा ०१-०१. निम्मा तालुका एक जानेवारीला जन्मला म्हणायचा.

८ जुलै

फॉलोअप चुकलेल्यांची यादी काढली आणि त्यांच्यापुढे 'संपर्क तुटला' असं लिहायला बसले. सिस्टरने यादी हातातून घेतली. "हे वारीला गेलेत. हे पण. ही बाई दिंडीत स्वयंपाकाला असते दरवर्षी." म्हणजे ज्यांना मी हरवलेले समजत होते त्यांतले काही स्टेंट बसवून पंढरपूरच्या वाटेवर रोज वीस-वीस किलोमीटर चालतायत. त्यांचा व्यायामाचा रकाना कोरा आहे.

गंमत म्हणून सोडून देण्यासारखं हे नाही. न आलेला माणूस आलेल्यासारखाच असतो असं गृहीत धरलं की हिशेब बिघडतो. वारीला गेलेला बहुधा धट्टाकट्टा असतो. घरात पडून असलेलाही येत नाही. दोघांपुढे खूण मात्र तीच. आजपासून 'का आला नाही' हा वेगळा रकाना.

२२ जुलै

आजचा दिवस एका आजींचा.

गेल्या वर्षी अटॅक, एक स्टेंट. आधारवर ०१-०१-१९६४, म्हणजे साठ. फॉर्मवर 'धूम्रपान: नाही'. मी सहज पुन्हा विचारलं, आजी सिगारेट-बिडी काही?

"सिगरेट? आगं लेकी, बाईमाणसानं कुठं सिगरेट वडायची?"

बोलताना पुढचे दात काळे दिसले. मग विचारलं, दात कशाने घासता?

"मिसरी लावती की. सकाळी, दुपारी, झोपताना. ती लावल्याबिगर कामच सुधरत न्हाई."

म्हणजे तंबाखूच ना आजी?

"तंबाखू माणसं खात्यात. ही मिसरी हाय. भाजून केलेली."

तव्यावर तंबाखू भाजून केलेली काळी पूड, बोटाने हिरड्यांवर चोळायची, दिवसातून तीन-चार वेळा. सूत्राच्या प्रश्नाला आजींनी खरं उत्तर दिलं होतं. यूट्रेक्टमध्ये कुणी मिश्री लावत नाही, म्हणून सूत्रात तो प्रश्नच नाही.

मग वयाकडे वळलो. जन्मसाल विचारून उपयोग नसतो, म्हणून दुष्काळाचं विचारलं. "बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडायला जायची, थोरला पोटात व्हता. सुकडी मिळायची तिथं." आधार खरं मानलं तर दुष्काळात आजी आठ वर्षांच्या होतात! लग्न कधी, पहिलं मूल कितव्या वर्षी, असं धरत धरत आम्ही १९५५ च्या आसपास पोचलो. साठ नाही, एकोणसत्तर. वय हा या सूत्रातला सगळ्यात जड धोंडा, त्यातच नऊ वर्षांची चूक.

एकही नवी तपासणी न करता आजींचा आकडा चांगलाच वर सरकला.

संध्याकाळी डॉक्टरांशी वाद. ते म्हणाले, मिश्रीवाल्यांना सरळ 'स्मोकर' टाक. मी नाही म्हटलं. सूत्रातलं सिगारेटचं वजन सिगारेट ओढणाऱ्यांवरून आलंय. ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात नुसती तंबाखू चघळणाऱ्यांतही अटॅकचं प्रमाण साधारण दुप्पट दिसलं होतं, २००६ चा निष्कर्ष आहे; पण तो पहिल्या अटॅकचा, दुसऱ्याचा नाही, आणि मिश्री चघळत नाहीत. दुसऱ्याच्या मापाची चप्पल आहे म्हणून घालायची, असं करायला मन घेत नाही. शेवटी ठरलं की सूत्राला हात लावायचा नाही. तंबाखू, मिश्री, गुटखा, मावा यांची ओळ वेगळी, लाल रंगात, आकड्याच्या शेजारी छापायची. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, त्यामुळे 'गुटखा खाता का' असं विचारलं की सगळे हरिश्चंद्र. 'तोंडात काही ठेवता का?' असं विचारायचं.

२ ऑगस्ट

रक्ताच्या तपासण्या. इथे दोन खड्डे सापडले, दोन्हींत मी आधी पडले होते.

एक, सीआरपी. फायलींत थोड्या जणांचा होता, मी खुशीत सूत्राला दिला. आकडे भलतेच मोठे. तारखा जुळवल्यावर कळलं की तो साधा सीआरपी आहे, तापात, न्यूमोनियाच्या संशयाने केलेला. सूत्राला हवाय तो एचएस-सीआरपी, माणूस बरा असताना रक्तवाहिन्यांत धुमसणारी मंद आग मोजणारा. नाव सारखं म्हणून पाहुणा आपला होत नाही. सगळे काढून टाकले. हा रकाना सरसकट कोरा धरायचा आणि एकच मधला आकडा घालायचा. त्याने माणसामाणसातला फरक थोडा पुसला जाणार हे मान्य.

दोन, कोलेस्टेरॉल. डिस्चार्ज कार्डावरचं कोलेस्टेरॉल बहुतेकांचं छान, कारण अटॅकनंतर एक-दोन दिवसांत ते तात्पुरतं उतरतं. शिवाय दाखल झाल्या झाल्या स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, चालू झालेलं असतं. तेव्हा कार्डावरचा आकडा घ्यायचा नाही. ओपीडीत नव्याने करायचं. नॉन-एचडीएलला उपाशीपोटी यावं लागत नाही, एकूणातून एचडीएल वजा केलं की झालं. पहाटेच्या गाडीने येणाऱ्यांसाठी हे फार मोलाचं.

ता. क. किडनीचा आकडाही फसवा. तो रक्तातल्या क्रिएटिनिनवरून काढतात आणि क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. हडकुळ्या माणसात ते मुळातच कमी, म्हणून सूत्राला किडनी आहे त्यापेक्षा चांगली वाटते.

१९ ऑगस्ट

एथिक्स कमिटी. नावं काढून क्रमांक दिले, नावांची यादी डॉक्टरांच्या कुलपात. संमतीपत्र सोप्या मराठीत पुन्हा लिहायला सांगितलं. आधीचं मीच लिहिलं होतं.

९ सप्टेंबर

दोन दिवस नुसते फोन. जुन्या पेशंटांचं पुढे काय झालं हे कळल्याशिवाय सूत्र खरं की खोटं कसं ठरवणार?

"वारले. झटका आला." कसला झटका? हार्ट अटॅकलाही झटकाच म्हणतात, लकव्यालाही, फिट येऊन पडला तरी झटकाच. मग हळूहळू विचारायचं. तोंड वाकडं झालं होतं का? एका अंगाने हात चालेना का? छातीत दुखतंय म्हणाले होते का, दरदरून घाम? किती वेळात गेले? हे विचारताना पलीकडे कुणीतरी गप्प होतं. एकीने सगळं नीट सांगितलं आणि शेवटी विचारलं, "तवाच आणलं असतं तर वाचले असते का?" मी सांख्यिकीवाली. मला फोनवर याचं उत्तर देता आलं नाही. डॉक्टरांना फोन दिला.

प्रत्येक मृत्यूचं कारण डॉक्टरांनी आणि त्यांच्या एका मित्राने वेगवेगळं ठरवायचं, मग ताळा घ्यायचा. सूत्राने किती दिलं होतं हे दोघांनाही सांगायचं नाही.

३० सप्टेंबर

आज पडताळणी. आधी वाईट बातमी: सूत्र नव्या ठिकाणी नीट तपासायचं तर कमीत कमी १०० घटना हाताशी असाव्यात असं मानतात. आमच्याकडे त्याच्या जवळपासही नाहीत. तेव्हा नवं सूत्र बांधायचे मनसुबे आजपासून बंद. आपल्याला आहे त्या सूत्राचा काटा तेवढा शून्यावर आणता येईल.

डॉक्टरांना असं समजावलं. पाच किलोचं माप टाकल्यावर तराजू सहा दाखवतो. कोण जड, कोण हलका ते तो बरोबर सांगतो, पण सगळ्यांनाच एकेक किलो वाढवून. तिथे तराजू फेकायचा नसतो. सूत्राचंही तसं. समजा, त्याने शंभर जणांमागे वीस घटना सांगितल्या आणि घडल्या तीस, तर क्रम तोच ठेवून सगळ्यांची पातळी वर उचलायची. सूत्रातला एकच आकडा बदलतो, बाकी वजनं यूट्रेक्टचीच. याला कॅलिब्रेशन म्हणतात. सी-इंडेक्सच्या मागे लागलेली मंडळी हे विसरतात. क्रम बरोबर आणि पातळी चुकीची असेल, तर माणसाला सांगितलेला आकडा खोटाच.

पातळी आमच्याकडे वरच न्यावी लागली. दक्षिण आशियातल्या माणसांना पहिला अटॅक इतरांपेक्षा लवकर येतो. इंटरहार्टमध्ये सरासरी वय ५३ होतं, इतरत्र ५९ च्या आसपास. तरी आपल्या हाती घटना थोड्या आहेत, म्हणून किती वर नेली त्यापेक्षा दोन्ही बाजूंची शक्यता किती रुंद आहे तेच मोठ्या अक्षरात छापलं.

जाता जाता: अंदाज किती चुकला हे मोजायचा ब्रायर स्कोअर डॉक्टरांचा नाही, हवामानवाल्यांचा आहे, १९५० चा. बीडमध्ये हवामानाच्या अंदाजाचं नाव काढलं की काय ऐकावं लागतं ते सांगत नाही.

७ ऑक्टोबर

पुण्यातला एक मित्र म्हणाला, हे जुनं कशाला करतेस, मशीन लर्निंग लाव. लावलं. सी-इंडेक्स असा आला की मी खुर्चीतून उठले. अर्ध्या तासाने पुन्हा बसले. यंत्राचा सगळा भरवसा एकाच रकान्यावर होता: 'शेरा'. शेऱ्यात सिस्टर लिहितात, 'मोठ्या दवाखान्यात पाठवले'. म्हणजे अटॅक आल्यावर लिहिलेली गोष्ट वाचून यंत्र अटॅकचं भाकीत करत होतं. पेपर फुटल्यावर पहिला नंबर कुणाचाही येतो. शेरा काढला, भेटींची संख्याही काढली (मेलेल्या माणसाच्या भेटी कमी असणारच), आणि यंत्र स्मार्ट-२ च्या शेजारी येऊन बसलं. थोडं मागेच.

जोर सूत्रावर लावायचा नाहीच, सूत्राच्या पोटात जाणाऱ्या उत्तरांवर लावायचा. मिश्री, दुष्काळावरून काढलेलं वय, बसवून घेतलेला बीपी. मित्राला हे फार गावठी वाटलं.

२१ ऑक्टोबर

दसरा झाला. दिवाळीनंतर ऊसतोडीला माणसं जाणार, ती थेट उन्हाळ्यात परतणार. सिस्टरने आठवण केली की गेल्या वर्षी स्टेंटवाले तोडकरी दोन महिन्यांच्या गोळ्या घेऊन गेले होते. पुढचे महिने? फाटक्या चिठ्ठीवर कारखान्याच्या गावात मिळेल ते.

आज त्यांतला एक आला. वय ४४, स्टेंटला पाच महिने. उचल घेतलीय, जाणं टळत नाही. 'जाऊ नका' हे डॉक्टर दोनदा बोलले, तिसऱ्यांदा बोलले नाहीत.

त्याच्यासमोर पहिल्यांदाच आमचा कागद ठेवला. शंभर ठिपके, त्यांतले काही लाल. पुढच्या दहा वर्षांत तुमच्यासारख्या शंभर जणांपैकी इतक्यांना पुन्हा त्रास होईल, असं मी समजावलं.

"दहा वर्षांचं ऱ्हाऊ द्या. मार्चपर्यंत काय हुतंय ते सांगा."

ते सूत्राला सांगता येत नाही. तसं त्याला सांगितलं. तो कागदाकडे बघत राहिला, मग बोट ठेवून म्हणाला, "यातला मी कंचा?"

त्यावर कुणीच काही बोललं नाही. सिस्टर गोळ्या मोजायला लागल्या.

मग दुसरा कागद, गोळ्या घेतल्या तर काय होतं त्याचा. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, साधारण ३९ मिलिग्रॅमने उतरलं की मोठ्या घटना सुमारे २२ टक्क्यांनी कमी होतात, हे स्टॅटिनच्या अनेक चाचण्या एकत्र करून काढलेलं. टक्का सगळ्यांना सारखा, पण फायदा सारखा नाही: ढोबळ हिशेबाने शंभरात ३० ची जोखीम असेल तर सहा-सात ठिपके वाचतात, १५ ची असेल तर तीन. लाल ठिपक्यांवर मी पेनाने काट मारत गेले. हे त्याला पहिल्या कागदापेक्षा लवकर कळलं. "मंजी गोळी घेतली की इतकी जण सुटत्यात."

सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम दिल्या. रक्त पातळ करायच्या गोळीच्या चौदाच्या तेरा पट्ट्या, म्हणजे १८२ गोळ्या. पट्ट्या टाकू नका, रिकाम्यासुद्धा परत आणा, असं बजावलं.

१३ जानेवारी २०२५

ओपीडी ओस. डिजिटल बीपी यंत्राचा पट्टा फाटला, चार दिवस पुन्हा १३०/८०. आजी आल्या होत्या. मिश्री तीनदाऐवजी दोनदा म्हणतात. नात मागून मान हलवून 'नाही' म्हणत होती. दोन्ही नोंदवलं.

२१ एप्रिल

तोडकरी परतायला लागले. ४४ चा तो आज आला, पिशवी टेबलावर उपडी केली. सात रिकाम्या पट्ट्या, चार न फोडलेल्या. तेरातून अकरा. उरलेल्या दोन?

"फडावर एकाच्या छातीत दुखत व्हतं. त्याला दिल्या. त्याच्याकडं कागद बी न्हवता, काई न्हवतं."

सात पट्ट्या म्हणजे ९८ गोळ्या, १८२ दिवसांत. सूत्राच्या रकान्यात विचारलंय, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का: होय किंवा नाही. मी आधी 'होय' लिहिलं, मग खोडलं. आज रात्री रकाना बदलते, '९८/१८२' असं भरता येईल असा.

ज्याला दोन पट्ट्या दिल्या त्याचं गाव विचारून घेतलं. शेजारच्याच तालुक्यातलं निघालं. तिथल्या आशाताईंचा नंबर सिस्टरकडे होता, त्यांनी लगेच फोन लावला. माणूस घरी पोचलाय, उद्या घेऊन येतात म्हणाल्या.